हात न लावायचा डबा

परवा शाळेत आमच्या जुन्या हेडमास्तरांच्या फोटोला हार घातला म्हणे. मलाही बोलावणं होतं. "तुम्ही त्यांच्या हाताखाली काम केलंय, चार शब्द बोला." मी तब्येतीचं निमित्त सांगून टाकलं. तब्येतीला काय धाड भरलीय! पण गेलो असतो तर 'फार प्रेमळ होते', 'मुलांना जीव लावला' असलं काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि ते धादांत खोटं आहे. ते प्रेमळ नव्हते. माणूसघाणे होते, तिरसट होते, आणि त्यांच्याजवळ काढलेली दोन-अडीच वर्षं मला त्यांचा मनापासून राग यायचा. आता चाळीस वर्षांनी तोच राग माझा मलाच येतो, एवढाच काय तो फरक.

गाव नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं, मिरजगावपासून दोन कोस आत. दिवस लढाईचे. शाळा लोकल बोर्डाची आणि शिक्षक दोनच. ते थोरले गुरुजी, मी धाकले गुरुजी. ते पन्नाशीचे, एकटे, शाळेच्याच मागच्या खोलीत राहायचे. मी व्हर्नाक्युलर फायनल होऊन नुकता चिकटलेला, तोही टेंपररी. वडील लहानपणीच गेले होते, त्यामुळे आई माझ्याबरोबर असायची. शाळेला लागूनच आमची भाड्याची दोन खणांची जागा होती.

गुरुजींचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे. तो पाय ओढत, दोन्ही हात पाठीमागं बांधून ते वर्गात फिरायचे. मुलांनाही पहिली सवय तीच लावलेली. काही नवीन दाखवायचं असलं, मग ते सुगरणीचं घरटं असो की कापसाचं बोंड, की आधी हुकूम सुटायचा, "हात मागं." मग दुसरा हुकूम, "बघा." आणि मग काहीच नाही. सांगणं नाही, समजावणं नाही, नुसतं बघत बसायचं. एखाद्या पोराला उत्तर आलं नाही तर ते थांबायचे. दोन मिनिटं नाही हो, चांगली दहा-दहा मिनिटं! अख्खा वर्ग चिडीचूप, पोरगं रडकुंडीला आलेलं, आणि हे आपले खिडकीबाहेर बघत उभे. मी एकदा राहवेना म्हणून त्या पोराला हळूच उत्तर सांगितलं, तर वर्ग सुटल्यावर मला म्हणाले, "त्याचं उत्तर त्याच्या तोंडाशी आलं होतं. तुम्ही हिसकावून घेतलंत." पुढं चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शाळेच्या उंबऱ्याच्या फटीत लिंबाचं रोप उगवलं होतं. ते यांनी उपटू दिलं नाही. पोरं, पाटील, पोस्टाचा माणूस, सगळे त्याच्यावरून टांगा टाकून आत यायचे. आई म्हणायची, "ह्या माणसाच्या डोक्यात काहीतरी सैल आहे." मला ते शंभर टक्के पटायचं.

त्या गावाला नारूचा शाप होता. पिण्याचं पाणी एका बारवेचं, आणि बारवेत पायऱ्यांनी उतरून घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहूनच घागर बुडवायची. दर उन्हाळ्यात पंधरा-वीस घरांत कोणी ना कोणी पाय धरून बसलेलं. पायाला फोड यायचा, फुटायचा, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा हातभर लांब जंत बाहेर यायला लागायचा. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर बाहेर काढायचा. घाई केली आणि आत तुटला, तर पाय सुजायचा, सडायचा, कायमचा जायचा. गावाला त्याचं काही वाटत नसे. ऊन-पावसासारखंच तेही एक, असं धरून चालायचे.

गुरुजींचा पाय असाच गेला होता. त्यांनी मला ते एकदाच सांगितलं, आणि तेही दोन वाक्यांत. "मी आठ वर्षांचा होतो. माझं रडणं वडिलांना बघवेना, म्हणून त्यांनी एका झटक्यात ओढून काढायला बघितलं." मी काहीतरी सहानुभूतीचं बोलायला गेलो, तर हात वर करून त्यांनी मला गप्प केलं.

त्यांनी कुठल्याशा सरकारी पत्रकात वाचलं होतं की नारूचं बी पाण्यातल्या बारीक जीवांच्या पोटात असतं. ते पाणी तसंच प्यालं की ते आपल्या पोटात जातं, आणि वर्षभरानं नारू होऊन पायातून निघतं. लहान मासे हे जीव खातात. झालं! यांनी डोक्यात घेतलं, की बारवेत मासे सोडायचे. बोलून दाखवल्यावर चावडीवर हशा पिकला. पाटील म्हणाले, "काय वो गुर्जी, पिन्याच्या पान्यात मासं? हागतील, मुततील, मरून वर येतील. पानी नासंल समदं."

गुरुजी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी डबा करायला घेतला.

रॉकेलचा रिकामा डबा. तो आडवा करून वरची बाजू कापून काढली आणि पुढच्या बाजूला काच बसवली. पत्र्याचं काम गावातल्या रहीमचाचांनी केलं. आतून डांबर फासलं, जवसाच्या तेलात खडूची पूड मळून काच बसवायची लांबी केली आणि तिनं काचेच्या कडा बुजवल्या. लढाईच्या दिवसांत खेड्यात काच मिळणार कुठून? तर शाळेच्या भिंतीवर इंग्रज बादशहाची तसबीर होती, तिची काढली. मी हबकलोच. "अहो, गुरुजी, बादशहाची?" तर म्हणाले, "ते काचेशिवायही दिसतातच." पुढं बादशहाच्या तोंडावर माश्या बसायला लागल्या आणि कोणीतरी त्याची कागाळी वर केली.

डब्यात तीनदा पाणी भरून तीनदा ओतून दिलं. मग तळाला ओढ्यातली चाळलेली माती, तिच्यावर धुतलेली जाड वाळू, आणि वाळूत ओढ्यातलंच लांब पातीचं पाणगवत. पाणी मात्र बारवेचं. मग वीस दिवस नुसतं ठेवून दिलं. मला वाटलं आता मासे येणार, तर पाणी आधी गढूळ, मग हिरवं, आणि मग एके दिवशी आपोआप असं निवळलं की तळातला खडा न् खडा दिसावा. मग चार गोगलगाई सोडल्या. त्या काचेवरचं शेवाळ खात फिरायच्या. आणि सगळ्यांत शेवटी मासे. सीना नदीच्या डोहात जुनं धोतर पसरून त्यांनी स्वतः धरले. बोटाच्या दोन पेरांएवढे, रुपेरी, अंगावर एक काळी रेघ. मोजून सात.

"सातच?" मी म्हटलं. "मावतील की वीस तरी."

"मावतील," ते म्हणाले. "जगायचे नाहीत."

ब्राह्मणानं धोतरात मासे धरले, ही बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती. त्या दिवसापासून आईनं त्यांना आमच्या ओटीच्या आत येऊ दिलं नाही. ते ओटीवर टेकून गेले की ती मागून पाणी शिंपडायची. त्यांना ते कळायचं. एकदा जाताजाता थांबून म्हणाले, "बाई, शिंपडता ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. पिताना तर घ्याच." आईचा असा काही संताप झाला म्हणता!

आता त्या डब्याची गंमत सांगतो. त्याला काही म्हणजे काही करायचं नव्हतं. पाणी बदलायचं नाही, खायला घालायचं नाही, तळ ढवळायचा नाही. गवत पाणी ताजं ठेवतं, गोगलगाई काच साफ ठेवतात आणि मासे किडे खातात. रोज सकाळी बारवेचं एक तांब्या पाणी वरून घालायचं, बस्स. त्या तांब्यातलं पाणी उजेडात धरलं की मिठाच्या कणाएवढे पांढरे जीव झटक्याझटक्यानं उड्या मारताना दिसायचे. संध्याकाळी डब्यात बघावं तर एक शिल्लक नसे. शेजारी बरणीत तेच पाणी माशांशिवाय ठेवलेलं. त्यात ते जीव दिवसेंदिवस वाढायचे आणि वर डासांच्या अळ्या वळवळायच्या. लोक यायचे, हात मागं बांधून बघायचे. खोटं कशाला बोलू, मलाही कुठंतरी अभिमान वाटायला लागला होता.

पाटीलही येऊन गेले. दोन वेळा आले, वाकून वास घेतला, आणि चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "ठीक हाय. येता महिना अधिकाचा हाय. महिनाभर ह्या डब्यातलं पानी असंच ऱ्हायलं, वास न्हाई आला, एक मासा न्हाई मेला, तर महिना सरल्यावर सोडा बारवंत. गावाचा शबूद हाय."

त्या साली ज्येष्ठ अधिक आला होता. सीना आटलेली, बारव तळाला गेलेली, आणि याच पाण्यात नारूचं बी सगळ्यांत जास्त, असं गुरुजी म्हणायचे. महिन्याचे वीस दिवस सुखरूप गेले. आणि एकविसाव्या दिवशी नगरहून कागद आला. बादशहाच्या तसबिरीचा खुलासा द्यायला जातीनं हजर व्हा.

शाळेला सुट्टी होती. आम्हाला जायला दुसरं घर नव्हतं, म्हणून मी गावातच होतो. कोळशावर चालणारी नगरची सर्व्हिस मोटार पकडायला मिरजगावला निघताना गुरुजी माझ्याकडे किल्ली देत म्हणाले, "सकाळी एक तांब्या. बाकी काही करू नका." दोन पावलं जाऊन परत वळले. "काहीच न करणं जमेल ना तुम्हाला?"

मला झोंबलं ते. म्हटलं, काही न करायला काय अक्कल लागते!

आईनं अधिक महिना धरला होता. माझी नोकरी कायम व्हावी म्हणून. पहाटे बारवेवर आंघोळ, तिथंच उभं राहून तीन ओंजळी पाणी प्यायचं, मग देवळात दिवा. घरात ती पाणी गाळायची, गुरुजींवर चरफडत का होईना. पण बारवेवरच्या त्या तीन ओंजळी तशाच. मी हटकलं तर म्हणाली, "तीर्थ कधी फडक्यातून गाळतात का रे?" आणि अधिकात माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या, त्याचं फार पुण्य. पण नदीला पाणीच नाही, तर मासे आणायचे कुठून? इथं शाळेत, भिंतीपलीकडं, सात मासे आयते होते.

गुरुजी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन उभी राहिली. गव्हाचं पीठ मिळायची मारामार, तरी तिनं त्यातलं मूठभर बाजूला काढून तेहतीस गोळ्या वळल्या होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या.

"आई, नको. काही टाकायचं नाही, गुरुजींनी बजावलंय."

"तुझ्यासाठीच करतेय ना मी? एवढंसं पीठ. आणि तीन महिने उपाशी ठेवलेत मुके जीव. असला कसला रे मेला धर्म?"

"उपाशी नाहीत ते."

"तुला काय कळतंय! मी बघते ना, तोंडं बघ त्यांची."

मी दार उघडलं. काय सांगू तुम्हाला? तिच्या पायांच्या भेगा बघितल्या, माझ्यासाठी धरलेला उपास बघितला, आणि किल्ली फिरवली. माशांनी दोन-चार गोळ्या टोचल्या. बाकीच्या तळाशी जाऊन वाळूत बसल्या. आईनं हात जोडले, आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

ती बारवेवर बोलली असणार. दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई आल्या, त्यांच्याबरोबर आणखी सहाजणी. "धाकलं गुर्जी, आमाला बी पुन्य लागू द्या की वो." पाटलीणबाईंना नाही कसं म्हणायचं? प्रत्येकीच्या तेहतीस. त्याच्या दुसऱ्या दिवशी अकराजणी. पाणी दुधाळ झालं आणि मासे वर येऊन तोंडं बाहेर काढून आ वासायला लागले. श्वास कोंडला होता त्यांचा. आणि आई मला म्हणते, "बघ, बघ कसे मागतायत! किती दिवसांचे भुकेले असतील." आणि तिनं वाटीत उरलेली कणीकही आत सोडली.

गुरुजी गेल्याच्या सहाव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर वास आला. पाच मासे वर तरंगत होते. आणि मग मी दुसरा शहाणपणा केला. सगळा डबा ओतला, गवत उपटलं, वाळू राखेनं घासून काढली, पत्रा लख्ख केला आणि ताजं पाणी भरून उरलेले दोन मासे त्यात सोडले. दुपारी तेही गेले. मग घासलेल्या डब्यासमोर मी बसून राहिलो. पाणी पुन्हा पांढुरकं होत चाललं होतं, कारण काचेच्या कडांना भरलेल्या लांबीत कणीक तशीच चिकटून होती.

आठव्या दिवशी गुरुजी आले. समज देऊन, पगार कापून सोडलं होतं, ते मला मागाहून दुसऱ्याकडून कळलं. ते डब्यासमोर उभे राहिले, हात मागं. वाकले. काचेच्या कडेवरून एक बोट फिरवलं, चिकट लागलेलं बोटावर चोळलं, माझ्याकडे बघितलं. ते आत जाऊन झोपले.

महिना सरला तशी चावडी भरली. डबा मधे आणून ठेवला. पाटलांनी वाकून वास घेतला आणि नाकाला उपरणं लावलं. "गुर्जी, समदं मेलं की वो."

गुरुजी म्हणाले, "मी इथं नव्हतो. धाकट्या गुरुजींना विचारा."

पाटील माझ्याकडे वळले. "सांगा, धाकलं गुर्जी. कशानं झालं?"

समोर पाटील. मागच्या बाजूला डोक्यावर पदर घेऊन पाटलीणबाई. देवळाच्या पायरीवर माझी आई. 'तुमच्या बायकांनी आणि माझ्या आईनं कणीक घातली, मी दार उघडून दिलं,' एवढंच एक वाक्य होतं हो. त्या एका वाक्यावर सगळ्या गावाचे पाय होते. मला ते माहीत होतं. पण अधिक महिन्यात माशांची हत्या आईच्या माथी मारायची? पाटलाच्या बायकोचं नाव भर चावडीत घ्यायचं? आणि माझी टेंपररी नोकरी?

"उन्हानं," मी म्हणालो. "उन्हानं झालं असेल."

"हां!" पाटील म्हणाले. "मंग बारवंला काय ऊन लागत न्हाई व्हय? न्हाई जमायचं गुर्जी. ह्यो नाद सोडा आता."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रिकामा केलेला डबा काखेत मारून ते पाय ओढत निघून गेले. मला वाटलं, रात्री येतील, शिव्या देतील. आले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत मला पाहून नेहमीसारखं म्हणाले, "तिसरीचं गणित तुम्ही घ्या." कुठला प्रेमळ माणूस असं वागतो? एक थोबाडीत मारली असती तर मी त्यांचा आजन्म ऋणी राहिलो असतो.

पुढच्या उन्हाळ्यात गावात नारू निघाला. दरवर्षीपेक्षा जास्तच. पाटलांच्या धाकट्या सुनेला निघाला, रहीमचाचांच्या दोन्ही पायांना निघाला. आणि एका सकाळी आई चुलीपुढून उठेना. घोट्याच्या वर फोड आला होता.

मी घाबरून काडी शोधत होतो तेवढ्यात दारात गुरुजी उभे. कोणी सांगितलं कोण जाणे. विचारलं नाही, थांबले नाहीत, पहिल्यांदाच ओटी ओलांडून आत आले. जमिनीवर बसले, वाकत नसलेला पाय लांब सोडला आणि आईचा पाय त्यावर घेतला. ओल्या फडक्यानं जखम भिजवली, लिंबाच्या बारीक काडीला नारूचं टोक गुंडाळलं, आणि बोटभर, फक्त बोटभर बाहेर घेऊन थांबले. मी म्हणालो, "आणखी थोडा येतोय वाटतं." ते म्हणाले, "हात मागं."

तेवीस दिवस ते रोज सकाळी आले. आईला त्यांच्या मांडीवर पाय ठेवायचा फार संकोच. "माझ्या डोक्यावर पाप चढवताय हो, गुरुजी," म्हणायची आणि रडायची. ते फडकं भिजवत राहायचे. मी दाराशी उभा असायचो. मनाशी रोज ठरवायचो, आज बोलायचं, आज त्यांचे पाय धरायचे. रोज ते काडी बांधून उठायचे आणि मी त्यांना वाट करून द्यायचो.

तेविसाव्या दिवशी नारू पुरता बाहेर आला, न तुटता. आईनं डोळे पुसले आणि अगदी लहान मुलीसारखं विचारलं, "गुरुजी, एवढं देवाधर्मानं वागते मी. मला कशानं हो झालं हे?"

त्यांनी काडी फडक्यात गुंडाळली. हळूहळू उठले. माझ्याजवळ येऊन थांबले, आणि माझ्याकडे बघत तिला उत्तर दिलं.

"उन्हानं."

दिवाळीनंतर त्यांची बदली राहुरीकडं झाली. माझी नोकरी त्याच सालात कायम झाली. आई म्हणाली, अधिक महिना फळाला आला. पुढं ती अकरा वर्षं जगली, आणि तेवढी सगळी वर्षं उन्हात पाऊल टाकायच्या आधी घोट्याला ओलं फडकं बांधायची. मी रोज ते बघायचो. कित्येकदा तर मीच पिळून द्यायचो.